आपली नावे आणि आपले आई-बाप

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





समितीने मला धम्मावर बोला असे सांगितले होते. परंतु धम्मावर बोलायला भन्तेजी बसलेले आहेत. मी गिरणीतला माणूस, शाळा सातवीपर्यंत, पुढचे सगळे शिक्षण याच विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर झालेले. म्हणून मी साध्या विषयावर बोलणार आहे. तुमची-माझी नावे. कुणी म्हणेल, हा काय विषय झाला? पण जरा धीर धरा.

आपल्या आजा-पणज्यांनी आपल्यासाठी काय ठेवले याचा विचार करा. फोटो नाही. पत्र नाही, कारण लिहिता येत नव्हते. सरकारी कागदावर असलाच तर डाव्या हाताचा अंगठा. त्यांच्या मनात काय होते, त्यांना काय हवे होते, हे आज कुठून कळणार? घर कुठे बांधायचे, पाणी कुठून भरायचे, कोणते काम करायचे, हे सगळे गावाने ठरवलेले. स्वतःच्या मनाने त्यांनी ज्या थोड्या गोष्टी केल्या त्यातली एक म्हणजे पाळण्यातल्या पोराचे नाव. ते नाव कागदावर उतरले आणि टिकले. मी तर म्हणतो, नाव म्हणजे आई-बापाने जगाकडे केलेला अर्ज आहे. आपण तो कधी वाचलाच नाही.

अर्थात तेवढीही मोकळीक पूर्ण नव्हती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम दिलेला आहे. ब्राह्मणाच्या मुलाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळ दाखवणारे, वैश्याचे धन दाखवणारे आणि शूद्राचे ऐकून किळस यावी असे. त्याच्या पुढच्या श्लोकात शूद्राच्या नावाला चाकरीचा शब्द जोडावा असे सांगितले आहे. म्हणजे पोर रांगायच्या आत त्याची नोकरी पक्की! आणि आपण तर त्या चौघांच्याही बाहेरचे. हेच पुस्तक २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या उपस्थितीत जाळण्यात आले, हे आपल्या सर्वांना माहीत आहे.

आपल्या आजोबांनी ते पुस्तक पाहिलेही नव्हते. गावालाही ते वाचायची गरज पडली नाही. गावाने नावाच्या शेवटी नुसते एक 'या' लावले की काम झाले. बापाने हौसेने सदाशिव ठेवावे, गोविंद ठेवावे, वेशीच्या आत पाऊल टाकले की तो सद्या, तो गोंद्या. माझी आजी सांगायची, "आमच्यात नाव दोन असायची. एक आईच्या तोंडातलं आणि एक गावाच्या तोंडातलं."

आता दगडू, धोंडू, कचरू, केरू या नावांकडे या. आजची पोरे ही नावे ऐकून हसतात. २०१४ साली 'टाइमपास' पिक्चर आला, त्यातल्या नायकाचे नाव दगडू, तेव्हा आमच्या चाळीत महिनाभर तोच विनोद चालला होता. हसा, हसायला काही हरकत नाही. पण ही नावे केवळ आपल्यात होती असे समजू नका, इतर समाजांतही ती होती. ज्या घरात मुले जगत नसत तिथे ती ठेवीत. आईचा हिशोब असा, की पोराला चांगले नाव दिले तर मृत्यूची नजर जाईल. त्याला दगड म्हणा, धोंडा म्हणा, केर म्हणा. मृत्यू येईल, पाहील, म्हणेल हा तर कचरा, आणि पुढच्या घराकडे जाईल. म्हणून जुन्या यादीत दगडू हे नाव दिसले की मी आधी मनात विचारतो, याच्या आधीची किती गेली? एक? तीन? त्या बाईने पोराच्या नावाचा मान सोडला आणि बदल्यात त्याचा जीव मागितला. तिला अडाणी म्हणण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

मुलींचे नेमके याच्या उलट. नकुशी म्हणजे नको असलेली. इथे नाव ठेवणाऱ्याने मृत्यूला चकवायचे नव्हते, पुढच्या वेळी मुलगा होऊ दे एवढेच मागायचे होते. ही जुनी गोष्ट नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात प्रशासनाने समारंभ करून अडीचशेहून अधिक नकुशींना नवी नावे दिली. त्यातल्या पुष्कळ शाळेत जाणाऱ्या मुली होत्या. रोज हजेरीला 'नकुशी' म्हणून हाक आली की त्या पोरीने 'हजर' म्हणायचे. विचार करा.

मंडळी, नावावरून आई-बाप कसे वाचायचे याचे उत्तम उदाहरण बाबासाहेबांच्याच घरात आहे. सुभेदार रामजींच्या मुलांची नावे पाहा. बाळाराम, आनंदराव, मुलींमध्ये मंजुळा, तुळसा. आणि धाकटा भिवा. 'आनंदराव' या नावापाशी मी नेहमी थांबतो. एकोणिसाव्या शतकात अस्पृश्याच्या पाळण्यात 'राव' आला कसा? तर हे घर पलटणीतले. रामजी सुभेदार सैन्यात होते, सैन्याच्या शाळेत शिक्षक होते. छावणीत गावची वेस नव्हती. गावात जो 'या' लागला असता, तिथे त्यांनी 'राव' लावून ठेवला. आणि भिवा? साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी नाव घातले ते भिवा असेच. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या भिवाचे भीमराव झाले ते कुणी मेहेरबानी करून दिले नाही.

पुढे बाबासाहेब स्वतः बाप झाले. यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. घरात गरिबी, माता रमाई कसा संसार चालवत होत्या ते मी नव्याने सांगायला नको. त्या घरात शेवटच्या मुलाचे नाव राजरत्न! तो १९२६ साली गेला. पाचातला एकटा यशवंत जगला. त्या काळच्या रीतीप्रमाणे, इतकी मुले गेल्यावर पुढच्याचे नाव धोंडू ठेवायला हवे होते. त्यांनी राजरत्न ठेवले. मृत्यूशी लपाछपी त्यांनी केली नाही. नंतर दादरला घर बांधले तेव्हा त्याला नाव दिले राजगृह, मगधाच्या जुन्या राजधानीचे.

१९४६ साली मुंबईत कॉलेज काढले, नाव सिद्धार्थ. १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. धम्मदीक्षा १९५६ ची, पण सिद्धार्थ हे नाव मुंबईत पाटीवर लागले त्याच्या दहा वर्षे आधी. माझा अंदाज असा, की आपल्या पुष्कळ घरांत ही नावे पाटीवरून पाळण्यात आली.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर मात्र पूर आला. गौतम, सिद्धार्थ, राहुल, आनंद, अशोक, मिलिंद, महेंद्र. मुलींत सुजाता, विशाखा, यशोधरा, महामाया, गौतमी, संघमित्रा, प्रज्ञा, करुणा. ज्यांना पालीचे अक्षर माहीत नाही, त्यांनी ही नावे मिळवली कुठून? जलशातून, गायन पार्टीतून, वामनदादांसारख्या गायकांच्या तोंडून, भिक्खूंकडून, भिंतीवरच्या कॅलेंडरवरून. आमच्या चाळीत एक म्हातारी होती, तिला संघमित्रा म्हणताच यायचे नाही. 'संगमित्री' म्हणायची. पण नात शाळेत घालताना मास्तरांच्या टेबलासमोर उभी राहिली. "मास्तर, नाव पुरतं लिवा, मोडू नका." जन्मतारीख मास्तरांनी आपल्या मनाने १ जून टाकली, त्याला ती काही बोलली नाही. नावाला मात्र हटली नाही. लेखणी धरणाऱ्या माणसाला तिने आयुष्यात पहिल्यांदा हुकूम दिला असेल.

एका घरातल्या भावंडांची नावे ओळीने वाचा, म्हणजे आई-बापाचे सगळे आयुष्य कळते. एक घर सांगतो, कुणाचे ते सांगत नाही. थोरला दगडू, १९५० चा. त्याच्या पाठची सोजर. मग मध्ये छपन्न साल. मग गौतम, मग सुजाता, मग अशोक. आणि सगळ्यात धाकटी १९७३ ची, तिचे नाव क्रांती. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, बाप मोर्चांना जात होता, हे मला कुणी सांगायला नको, पोरीच्या नावातच आहे. दगडू आणि गौतम सख्खे भाऊ, एकाच ताटात जेवलेले. दोघांत सात वर्षांचे अंतर, पण नावे पाहिली तर वाटते की मध्ये दोन हजार वर्षे गेली. दगडूने पुढे गॅझेटमध्ये नाव बदलायला नकार दिला, का तर म्हणाला, "आईनं दिलंय."

आता माझ्याच नावाविषयी सांगतो. माझे नाव मिलिंद. मिलिंद हा ग्रीक राजा मिनँडर, भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणारा, 'मिलिंदपञ्ह' हा ग्रंथ त्याचाच. हे मला तिशीत कळले. माझ्या वडिलांना ते कधीच माहीत नव्हते. ते गिरणीत त्रासन खात्यात होते. त्यांच्या बाजूला मराठवाड्याकडचा एक कामगार होता, तो त्या कॉलेजच्या गोष्टी सांगायचा. वडील घरी येऊन आईला म्हणाले, "कालेजाचं नाव हाय. हेच ठेव. पोरगं कालेजात जाईल." बस्स. एवढाच अर्ज.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांचे नेतृत्व, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. पहिले दोन-चार महिने वाटले, मिटेल. मग भांडी विकली, मग आई धुण्या-भांड्याला जाऊ लागली. माझी शाळा त्या वर्षी सुटली. माझ्या वर्गातल्या गौतमची सुटली, सिद्धार्थची सुटली. शेजारची प्रज्ञा, काय नाव पाहा, प्रज्ञा, तीही सातवीतून काढली आणि कपडे शिवायच्या कारखान्यात धागे कापायला बसवली. आई-बापांच्या अर्जात कसूर नव्हती. त्यांचे अर्ज असे ढिगाने फेटाळले गेले. संपाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मजुरीचे आकडे लिहिले, बोनस लिहिला. कितीजणांच्या नावाचा अर्थ त्या संपात अर्धा राहिला, हा हिशोब कुणी केला नाही. नंतर मी बदली म्हणून गिरणीत लागलो. कॉलेजच्या नावाचा पोरगा मस्टरवर 'मिलिन' असा लिहिला गेला. 'द' लिहायला जागा होती, पण लिहिणाऱ्याला तेवढा वेळ नव्हता.

त्या मिलिंदपञ्हात सुरुवातीचा प्रश्नच नावाचा आहे, ही गोष्ट मला फार आवडते. राजा विचारतो, आपले नाव काय? नागसेन सांगतात, लोक मला नागसेन म्हणतात, आई-बाप नागसेन ठेवतात, सूरसेन ठेवतात, वीरसेन ठेवतात, पण ते केवळ ओळखण्यापुरते आहे, त्या नावामागे कायमचा असा कुणी नाही. मग रथाचे उदाहरण देतात. चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? धम्माच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, भन्तेजी समोर आहेत, मी त्यात पडत नाही. पण नोकरीचा अर्ज तपासणारा साहेब नागसेन नसतो! २००७ साली प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. काही नावे उच्च जातीची वाटणारी, काही दलित, काही मुस्लिम. दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता कमी भरली. मुस्लिम नावाचे त्याहून वाईट. रथाची चाके सारखी, आस सारखी, आणि रथ दारातच अडवला.

नावाची किंमत मराठवाड्याने तर रक्ताने मोजली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव आपल्या वस्त्या पेटल्या. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळातल्या शहिदांपैकी दोन नावे घेतो. १९७८ साली नांदेड जिल्ह्यात मारले गेलेले पोचीराम कांबळे आणि १९९३ साली नांदेडमध्ये आत्मदहन करणारे गौतम वाघमारे. पोचीराम आणि गौतम. एक नाव तेलंगणाच्या सीमेवरचे, पोचम्मा देवीच्या मुलखातले. दुसरे दीक्षेनंतरचे. दोन पिढ्यांच्या आई-बापांनी वेगवेगळे देव-धर्म मनात धरून ठेवलेली ही नावे, आणि दोघेही गेले ते एकाच तिसऱ्या नावासाठी.

आता आजच्या पाळण्यांकडे येतो, कारण बोलायचे आहे ते इथेच. राहुल, सिद्धार्थ ही नावे आता सगळ्या समाजांत गेली, त्याचा मला आनंद आहे. पण आपल्या घरांत काय चालले आहे? मायरा, कियारा, विवान, रेयांश. महिला मंडळात यावर बरीच टीका होते. बुद्धाचे नाव विसरले, बाबासाहेबांना विसरले, असे म्हणतात. माझ्या घरी गेल्या महिन्यात नात झाली. मुलगा आणि सूनबाई दोघे नोकरी करतात. त्यांनी असेच एक नाव काढले आहे. आमची मंडळी म्हणाली, "अहो, ह्याचा अर्थ तरी काय?" सूनबाई म्हणाली, "आई, अर्थ नाहीये, म्हणूनच बरं आहे."

हे वाक्य मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरलो. मग म्हटले, दगडूच्या आईचे नाव वाचतोस, आता सुनेने काढलेलेही वाच. दोन वर्षांपूर्वी त्यांनी भाड्याने खोली पाहिली. बोलणी झाली, डिपॉझिट ठरले. करारपत्रासाठी पूर्ण नाव विचारले, आणि दुसऱ्या दिवशी फोन आला की खोली आधीच गेली. तेव्हा सूनबाईला दिवस गेलेले नव्हते, पण पोरीचे नाव तिने बहुतेक त्याच दिवशी ठरवले असणार. दगडूच्या आईने पोराला मृत्यूपासून दगडाखाली लपवले. ही आपल्या पोरीला जातीपासून बिनअर्थाच्या नावाखाली लपवते आहे. काळ बदलला, नोकरी आली, फ्लॅटचे हप्ते आले, पण लपवावे लागते हे बदलले नाही. मला ते नाव आवडलेले नाही, आणि ते मी तिला स्पष्ट सांगितले आहे. मी 'संघमित्रा' सुचवले, मुलगा 'मैत्रेयी'वर येतो म्हणतो, सूनबाई अजून गप्प आहे. पण या मुलांना भित्री म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्यांना म्हणायचे आहे त्यांनी आधी त्यांना खोली मिळवून द्यावी.

एक गोष्ट मात्र नव्याने चांगली झाली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचे नाव लिहायचे आहे. आधी बाळाचे, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. माझ्या आजीचे नाव कोणत्याच कागदावर धड सापडत नाही. नात मात्र आईचे नाव घेऊन शाळेत जाईल, मग तिचे स्वतःचे काही का असेना.

शेवटी समितीच्या परवानगीने एक सूचना. विहारात वाचनालयाच्या टेबलावर एक जाड वही ठेवली आहे. तिच्यात चार रकाने आखले आहेत. आपले नाव, ते कुणी ठेवले, कुठून मिळाले आणि तेव्हा घरात काय चालले होते. ज्यांचे आई-बाप हयात आहेत त्यांनी आज रात्रीच विचारावे, कारण आमच्या चाळीत यंदाच्या पावसाळ्यात तीन म्हातारी माणसे गेली आणि तिघांनाही कुणी विचारले नव्हते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर यावे, आठवी-नववीची मुले लिहून घ्यायला बसणार आहेत. मुलांनो, सांगणारा जसे बोलेल तसे लिहा, सुधारू नका. 'संगमित्री' म्हणाले तर संगमित्री लिहा आणि कंसात शाळेतले नाव लिहा. पहिले पान मी माझ्या वडिलांचे लिहिले आहे, दुसरे सूनबाईसाठी कोरे सोडले आहे.